जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि सातवीतली लेक: अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये, म्हणजे २०२५ ला, शाळा उघडायच्या आठवड्यात लेकीसाठी जुना लॅपटॉप घेतला. आता तिची सातवी संपून सुट्टी लागली आहे. अकरा महिने रोजचा वापर झाला, म्हणून लिहिते.

लॅपटॉप साधारण २०१३ चा, कुठल्याशा ऑफिसात वापरलेला. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर. नवी पेठेत नऊ हजारांना मिळाला. वर तीन हजार घालून रॅम ८ जीबी केली आणि जुनी हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) बसवली. सगळ्यात मोठा फरक पडला तो या एसएसडीनं. जुना लॅपटॉप घेणार असाल तर आधी तीच बदला.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे ते यावर चालणार नव्हतं, आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणारच होते. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, तोवर लेक दहावी पार करेल.

हा सगळा खटाटोप मी का केला, ते माझ्या शाळेत आहे. पाचवीत आम्हाला संगणकाचा तास सुरू झाला. चपला बाहेर काढायच्या, खोलीला पडदे, एका संगणकावर तिघी. आठवड्याला माझ्या हाती कीबोर्ड यायचा जेमतेम दहा मिनिटं. सर लोगो नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायचे. रिपीट ४, फॉरवर्ड १००, राइट ९० असं लिहिलं की पडद्यावरचं कासव चौकोन काढायचं. ती दहा मिनिटं वाया जाऊ नयेत म्हणून मी आदल्या रात्री वहीत आज्ञा लिहून ठेवायचे, आणि बरोबर आहेत का ते बघायला घरातल्या शहाबादी फरशीवर स्वतःच कासव होऊन चालायचे.

माझे वडील, अण्णा, तेव्हा चादरीच्या मागावर कामाला होते. एकदा त्यांनी माझी वही पाहिली आणि मला कारखान्यात नेलं. मागाच्या वर जेकार्ड, म्हणजे नक्षीसाठी दोरे उचलणारं यंत्र, त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांब माळ फिरत होती. खडखडाटात त्यांनी कानाशी ओरडून सांगितलं, "भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली. तुझ्या कासवासारखंच हे." फ्रान्समधल्या जाकारनं हा माग १८०४ च्या सुमारास आणला आणि त्याच्या पुठ्ठ्यांची कल्पना पुढं चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली, हे मी फार नंतर वाचलं. पण संगणक म्हणजे काय ते मला त्या दिवशी मागाखालीच कळलं होतं.

लेकीकडं आधी फक्त फोन होता. फोनवर ती बघत होती, करत काही नव्हती. ते मला डाचत होतं.

लॅपटॉपवर पहिले दोन महिने ती टक्स पेंट हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम आणि टायपिंगवर होती. मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड लावला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. पंधरा दिवस रडारड झाली, आता निबंध सरळ टाइप करते. माझ्या वेळी शाळेच्या अंकातला लेख फ्लॉपीवर नेला होता आणि दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसल्यानं नुसती चिन्हं दिसली होती. प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच कोड देणाऱ्या युनिकोडमुळं तिला ते दुःख माहीतच नाही, याचा मला खरंच आनंद होतो.

अडचणी आहेत. बॅटरी सुरुवातीला दोन तास जायची, आता पाऊण तास. लाइट गेली की घाई करावी लागते. वायफाय वरच्या खोलीत पोचत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पंखा सतत ओरडतो. एकदा आतली धूळ काढून थर्मल पेस्ट बदलली, तेव्हा बराच शांत झाला. गादीवर ठेवून वापरू देऊ नका. शाळेचं गृहपाठाचं अॅप फक्त फोनवर चालतं, त्यामुळं फोन सुटला नाही. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रॅममध्ये केलेला प्रकल्प शाळेत वर्डमध्ये उघडल्यावर थोडा विस्कटतो, म्हणून पीडीएफ करूनच देतो.

दिवाळीनंतर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा सुरू केली. तिच्यातही टर्टल, म्हणजे कासव, आहे, फक्त पायथन३-टीके हे पॅकेज वेगळं टाकावं लागलं. फॉरवर्ड १००, राइट ९०. तिनं पहिला चौकोन काढला तेव्हा माझा गळा दाटून आला. तिला लॅपटॉप दहा मिनिटांत उठून दुसरीला द्यायचा नव्हता.

आता ती ग्राफपेपरवर चादरीचा काठ रंगवते, मग तोच लूप (त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा) लावून पडद्यावर आणते. अण्णा शेजारी खुर्ची घेऊन बसतात. मागच्या रविवारी त्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, "इथं एक घर चुकलंय बाळा, पाकळी तुटंल." तिनं आकडा बदलला, पाकळी जुळली. अण्णांना घरं बारीक दिसतात म्हणून तिनं प्रत्येक घराची बाजू १० वरून १६ केली आहे.