पुनर्वसन मानसशास्त्राची पदव्युत्तर पदविका : वर्ष संपत आले असताना

मानसशास्त्रात एम. ए. केल्यानंतर नवी मुंबईतील एका संस्थेत मी पुनर्वसन मानसशास्त्राच्या, म्हणजे दिव्यांग व्यक्तींना रोजच्या जगण्यात आणि कामात उभे राहायला मदत करणाऱ्या शाखेच्या, एक वर्षाच्या पदव्युत्तर पदविकेसाठी प्रवेश घेतला. संस्थेचे नाव देत नाही, कारण येथे लिहिलेले बहुतेक सगळे कोणत्याही संस्थेत प्रवेश घेण्यापूर्वी तपासून पाहण्यासारखे आहे. माझे मत असे की, हे प्रशिक्षण अवश्य घ्यावे. मात्र त्याचा कस पर्यवेक्षणाच्या, म्हणजे अनुभवी व्यक्तीने आपले काम तपासण्याच्या, तासांत लागतो, आणि रोजगाराशी संबंधित भाग इतका तोकडा आहे की तो विद्यार्थ्याने स्वतःच्या कष्टाने भरून काढावा लागतो.

आधी मान्यतेविषयी. समुपदेशक अशी पाटी आपल्याकडे कोणीही लावू शकतो, परंतु पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषद कायदा, १९९२ नुसार परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असावे लागते, आणि त्यासाठी अभ्यासक्रम परिषदेने मान्य केलेला असावा लागतो. म्हणून शुल्काची चौकशी करण्यापूर्वी त्या संस्थेला आपल्या तुकडीसाठी मान्यता आहे का, हे लेखी पाहून घ्यावे.

सुरुवातीचा बराच काळ चाचण्यांत जातो. बुद्धिमापनाची बिने-कामत, व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापिका, ऑटिझमसाठीची ‘इसा’ आणि मानसिक आजारातून येणाऱ्या दिव्यांगत्वासाठीची ‘आयडियाज’ या चाचण्या आमच्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेतल्या गेल्या, आणि हे काम संस्थेने उत्तम केले. ‘आयडियाज’मध्ये स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम अशा चार अंगांना गुण दिले जातात, त्यांत आजाराच्या कालावधीचे गुण मिळवले जातात, आणि बेरीज सात किंवा त्याहून अधिक झाली की दिव्यांगत्व किमान ४० टक्के धरले जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील आरक्षण याच ४० टक्क्यांच्या अटीवर अवलंबून असल्यामुळे एकेका गुणाला किती वजन असते, हे समोर बसलेल्या कुटुंबाकडे पाहून कळते.

प्रशिक्षणातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आमच्या पर्यवेक्षक बाई. प्रत्येक सत्राची नोंद त्या ओळ न् ओळ वाचत आणि निदानापेक्षा त्या माणसाच्या दिवसाविषयी अधिक विचारत: हा सकाळी किती वाजता उठतो, घरातून स्थानकापर्यंत किती पायऱ्या चढाव्या लागतात, घरातले कोणते काम याच्याशिवाय अडते? तुर्भे-महापे पट्ट्यातील कारखान्यात प्रेस मशीनवर उजव्या हाताची बोटे गमावलेला एक कामगार आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्याशी दुःखाविषयी बोलण्याच्या जोडीने त्याच्या जुन्या कामाचे विश्लेषण करण्यास बाईंनी सांगितले. मशीन हाताने चालते की पायाने, वजन किती उचलावे लागते, त्याच कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे किंवा भांडाराचे काम आहे का, असे प्रश्न त्यात होते. तो स्वतःच म्हणाला, ‘‘मॅडम, धीर घरचे देतात. शेठला काय सांगायचं, तेवढं सांगा.’’ समुपदेशनाकडून माणसांना काय हवे असते, हे मला त्या वाक्याइतके नेमके कुठेही वाचायला मिळालेले नाही.

याच ठिकाणी अभ्यासक्रम अपुरा पडतो. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही, हे २०१६ च्या कायद्याचे कलम २० सांगते, पण ते संरक्षण शासकीय आस्थापनांपुरते आहे. खासगी कारखान्यातील विमाधारक कामगाराला राज्य कामगार विमा योजनेतून उपचारकाळात सरासरी वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो आणि पुढे वैद्यकीय मंडळ त्याची कमाईची क्षमता किती घटली हे ठरवते. परंतु त्याला पुन्हा कामावर घेणे बहुतांशी मालकाच्या इच्छेवर राहते. या सर्व विषयाला आमच्याकडे एक व्याख्यान मिळाले. आशियातील मोठ्या औद्योगिक पट्ट्यांपैकी एक दाराशी असताना एकाही कारखान्याची भेट ठरवली गेली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

अमेरिकेत हे क्षेत्र रोजगाराच्या प्रश्नातूनच वाढले. तेथे १९२० च्या कायद्याने नागरिकांच्या व्यावसायिक पुनर्वसनाला सुरुवात झाली आणि १९५४ मध्ये समुपदेशक घडवण्यासाठी विद्यापीठांना अनुदान मिळू लागले. आज तेथील क्लिनिकल रिहॅबिलिटेशन काउन्सेलिंगची (पुनर्वसन समुपदेशनाची) मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी ६० क्रेडिटची असते, आणि तीत १०० तासांच्या प्रॅक्टिकमनंतर (पर्यवेक्षणाखालील सरावानंतर) ६०० तासांची इंटर्नशिप करावी लागते, ज्यातील २४० तास प्रत्यक्ष समुपदेशन घेणाऱ्यांबरोबर जावे लागतात. आपल्या एका वर्षात तेवढे सगळे बसणार नाही हे मान्य, तरी कामाचे विश्लेषण आणि मालकाशी बोलणी हे दोन विषय तरी पूर्ण शैक्षणिक सत्रभर शिकवले जावेत.

पालकांबरोबरच्या कामाची तयारी मात्र चांगली झाली. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या आया ‘‘माझ्यामागे याचं कोण?’’ असे विचारतात, तेव्हा नुसते सांत्वन करून भागत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार मूल सज्ञान झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे त्याच्या कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो, आणि ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते, हे माहीत असलेला समुपदेशक त्या आईला पुढचे पाऊल दाखवू शकतो. आम्हाला अर्ज प्रत्यक्ष भरायला शिकवले गेले, आणि त्याबद्दल मी संस्थेची ऋणी आहे.

ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने ये-जा करणाऱ्यांनी इतकेच लक्षात घ्यावे की प्रात्यक्षिकांचे दिवस लांबतात, अहवाल रात्री लिहावे लागतात आणि आमच्या संस्थेत विद्यावेतन नाही. नोकरी सांभाळून हे वर्ष निभावणे मला तरी अशक्य वाटते. प्रवेशापूर्वी मागील तुकडीच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारावे की त्यांचे पर्यवेक्षक आठवड्यातून किती वेळ देत, नोंदी स्वतः वाचत की केवळ सही करत, आणि प्रौढ दिव्यांग व्यक्तींबरोबर काम करण्याची संधी त्यांना किती मिळाली.