बोनसेट घ्यावा की ॲपवर भागवावं?

फर्स्ट इयरला लागलेली भाची विचारत होती: ॲनाटॉमी (शरीररचना) शिकायला सीनियरकडून जुना हाफ बोनसेट, म्हणजे अर्ध्या सांगाड्याची हाडं घेऊ, की थ्रीडी ॲप पुरेल?

ॲप स्वस्त वाटतं, पण बऱ्याच ॲपची वर्गणी दरवर्षी भरावी लागते. सेट पुढच्या ज्युनियरला विकता येतो.

व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याजवळचं आडवं हाड हातात देऊन ‘डावं की उजवं?’ विचारतात, तिथे ॲप थिटं पडतं. फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) मागची लिनिया ॲस्पेरा ही खरखरीत उभी कड बोटालाच कळते. काचेवर सगळंच गुळगुळीत!

उलट हाडाला चिकटलेले स्नायू, शेजारून जाणाऱ्या नसा कोरडं हाड दाखवत नाही. ॲप दाखवतं. शिवाय त्यात २०६ हाडं खिशात मावतात.

एमबीबीएस, बीएएमएस, फिजिओथेरपीवाल्यांनी सेटच घ्यावा. नर्सिंग किंवा डी.फार्मसीला ॲप पुरे. हाडं कॉलेजात हाताळावीत.