एपी आर्ट हिस्टरीची ट्यूशन: धूसर चित्रं, कापलेले पैसे आणि उशिरा भेटलेले सर

मे महिन्यात मुलीची एपी (अमेरिकेत शाळेत असतानाच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा विषय) आर्ट हिस्टरीची परीक्षा झाली आणि पुढच्याच आठवड्यात ऑनलाइन ट्यूशनच्या कंपनीने आमच्या कार्डावरून पुन्हा १,८०० डॉलर घेतले. वीस तासांचं नवं पॅकेज. जुन्याचे तास संपत आले की नवं आपोआप सुरू होतं आणि ही अट तुम्ही मान्य केलेली आहे, असं चॅटवरच्या माणसाने सांगितलं. ज्या विषयाची परीक्षाच होऊन गेली त्याचे वीस तास घेऊन आम्ही काय करायचं? यावर त्याच्याकडे एकच पालुपद: पैसे परत मिळणार नाहीत, क्रेडिट देतो, दुसऱ्या विषयाला वापरा. शेवटी नवऱ्याने बँकेकडे तक्रार केली, ईमेलवर ईमेल झाले आणि काही आठवड्यांनी पूर्ण रक्कम परत आली. पण तोवर झालेला मनस्ताप कोणी भरून देत नाही.

त्या रागात एक तारा देऊन मोकळी होणार होते. मुलगी म्हणाली, "आई, पण सरांचं काय? त्यांनी तर किती चांगलं शिकवलं!" तिचं खरं आहे, म्हणून सगळंच लिहिते.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. इथे कॅल्क्युलस आणि केमिस्ट्री शिकवणारे गल्लोगल्ली आहेत, ओळखीतच निघतात. आर्ट हिस्टरीचा एकही मिळाला नाही. शाळेतल्या बाई मनापासून शिकवतात, पण परीक्षेच्या यादीतल्या २५० कलाकृती सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत उरकायच्या म्हणजे काय धावपळ होते ते हा विषय घेतलेल्यांना सांगायला नको. वर्ग मोठा असल्यामुळे निबंध तपासून यायला उशीर व्हायचा. म्हणून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतर ऑनलाइन ट्यूटर लावला. ताशी ९० डॉलर.

पहिल्या ट्यूटरबाई वेळेवर यायच्या, बोलायला गोड होत्या, तयारीही करून यायच्या. पण तासभर त्याच बोलायच्या. एका तासात दहा-बारा कलाकृती. नाव, काळ, माध्यम, चार ओळी माहिती, पुढची स्लाइड. मी शेजारच्या खोलीतून ऐकायचे आणि मनात हिशेब व्हायचा, कारण हीच माहिती स्मार्टहिस्टरी या कलेच्या इतिहासाच्या साइटवर फुकट आहे आणि तिथे दोन जाणकार त्या कलाकृतीसमोर उभं राहून तिच्याबद्दल गप्पा मारतात. एपी क्लासरूम या अभ्यासाच्या साइटवरचे व्हिडिओ तर शाळेच्या लॉगिनमध्येच मिळतात.

आता चित्रांबद्दल. हे मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण माझ्या मते या सेवेतला सगळ्यात मोठा दोष हाच आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. कंपनीच्या ऑनलाइन फळ्यावर चित्र चढवलं की ते दाबून लहान होतं. मोठं करायला जावं तर नुसते चौकोन दिसतात. गणितात हे चालून जातं, समीकरण कसंही वाचता येतं. पण ज्या विषयात डोळ्यांनी पाहून लिहायचं असतं, तिथे धूसर चित्र दाखवून ताशी ९० डॉलर घेणं मला आजही पटत नाही.

जहांगीरचं चित्र घ्या. बिचित्रने काढलेलं, परीक्षेच्या यादीत काळ साधारण १६२० दिलेला, कागदावर जलरंग, सोनं आणि शाई. बादशहा वाळूच्या घड्याळावर बसलाय, मागे सूर्यचंद्राचं मोठं तेजोवलय, आणि तो सूफी शेखाला पुस्तक देतोय. शेखाच्या खाली तुर्की सुलतान, त्याच्या खाली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स. हे सगळं बाईंनी सांगितलं. पण डाव्या कोपऱ्यात, जेम्सच्याही खाली, आणखी एक माणूस आहे. आमच्या पडद्यावर तिथे फक्त पिवळसर डाग होता. लेकीने विचारलं, "हा कोण?" बाई म्हणाल्या, दरबारातला कोणीतरी असेल.

तो दरबारातला कोणीतरी नाही, तो स्वतः बिचित्र आहे. हातात एक छोटं चित्र धरलंय आणि त्या चित्रातही तो वाकून मुजरा करतोय. शिवाय बादशहाच्या पायांखालच्या चौरंगावर त्याने आपली सही केली आहे. मूळ चित्र साधारण २५ सेंटिमीटर उंच आणि १८ रुंद. एवढ्याशा जागेत हे सगळं रंगवलेलं आहे, म्हणजे बारकावा हाच त्याचा जीव. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनकडे हे चित्र आहे आणि त्यांच्या साइटवर मोठ्या आकारात फुकट उतरवता येतं. आमच्या लेकीने ते उतरवलं, टीव्हीवर लावलं आणि मग आम्ही तिघंही बराच वेळ बघत बसलो. मी कंपनीला लिहिलं, ट्यूटरना निदान संग्रहालयाची लिंक द्यायला सांगा. उत्तर आलं, तुमची सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. परीक्षा होईपर्यंत फळा तसाच धूसर होता.

फेब्रुवारीत बाईंचं वेळापत्रक बदललं आणि कंपनीने परस्पर दुसरा ट्यूटर दिला. कळवलं आदल्या रात्री. मी भांडायच्या तयारीतच बसले होते. पण इथून पुढे माझं मत बदललं.

नवे सर निवृत्त शिक्षक, शाळेत वर्षानुवर्षं हाच विषय शिकवलेला. पहिल्याच तासाला त्यांनी एकही स्लाइड दाखवली नाही. ही परीक्षा घेणारी संस्था, कॉलेज बोर्ड, दरवर्षीचे प्रश्न, गुणदानाची पद्धत आणि विद्यार्थ्यांची खरी उत्तरं आपल्या साइटवर टाकतं, त्यातलं एक उत्तर त्यांनी लेकीपुढे ठेवलं आणि म्हणाले, तू परीक्षक हो, याला गुण दे. तिने भरभरून दिले. मग सरांनी प्रत्यक्षात मिळालेले गुण दाखवले. बरेच कमी होते. का कमी, यावरच तासाचा उरलेला वेळ गेला. त्या उत्तरात वर्णन सुंदर होतं, पण त्या वर्णनातून मुद्दा सिद्ध कसा होतो ते वाक्यच नव्हतं.

तिथून पुढे प्रत्येक तासाची तीच घडी. आधी घड्याळ लावून निबंध, मग ओळीओळीवर लाल शेरा. ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी सांगते, निम्मे गुण ८० बहुपर्यायी प्रश्नांना आहेत आणि निम्मे सहा लेखी प्रश्नांना, ज्यांना दोन तास मिळतात. पहिला तुलनेचा, आठ गुणांचा, त्याला साधारण ३५ मिनिटं. दुसरा सहा गुणांचा, २५ मिनिटांचा. उरलेले चार छोटे, पाच-पाच गुणांचे, पंधरा-पंधरा मिनिटांत. परीक्षा आता पूर्णपणे कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपवर, कॉम्प्युटरवरच होते, म्हणून सर निबंध टाइपच करायला लावायचे.

सगळ्यात भीती होती पाचव्या प्रश्नाची. त्यात यादीबाहेरची, कधी न पाहिलेली कलाकृती देतात आणि ही कोणाची किंवा कुठल्या परंपरेतली ते ओळखून दिसणाऱ्या पुराव्याने पटवून द्यायला सांगतात. इथे पाठांतर कामाचं नाही. सर रोज एक अनोळखी चित्र पाठवायचे, फळ्यावर नाही, संग्रहालयाच्या साइटची लिंक. पाच मिनिटं काही न लिहिता फक्त बघायचं. मग तीन गोष्टी सांगायच्या, ज्या बोट ठेवून दाखवता येतील. "मला असं वाटतं" चालायचं नाही, "कुठे दिसतंय?" हा प्रश्न ठरलेला.

आणि मी न सांगता त्यांनी जहांगीरच्या चित्रावर विचारलं, चित्रकार कुठे आहे? लेकीने लगेच सांगितलं. मग स्पेनच्या दरबारी चित्रकाराचं, व्हेलाझ्केझचं, १६५६ चं लास मेनिनास हे चित्र शेजारी ठेवून तुलना लिहायला लावली. दोन दरबार, दोन चित्रकार, दोघांनीही स्वतःला आपल्याच चित्रात बसवलंय. एक राजांच्या रांगेत सर्वांत खाली, लवून. दुसरा कॅनव्हाससमोर ताठ, हातात ब्रश, आणि राजाराणी मागच्या आरशात पुसट. चित्रकाराचा दरबारातला दर्जा या एका मुद्द्यावर तिने जो निबंध लिहिला, तो वाचून मला फार आनंद झाला. आपली लेक असं पाहायला शिकली, यासाठी दिलेले पैसे मला जड वाटले नाहीत.

त्यानंतर आम्ही न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेलो. न्यू जर्सीच्या विद्यार्थ्यांना तिथे मनाला येईल तेवढं तिकीट देता येतं, ओळखपत्र न्या. मोठ्यांना ३० डॉलर, म्हणजे ट्यूटरची वीस मिनिटं. यादीतली इजिप्तच्या राणीची, हत्शेपसुतची, गुडघे टेकलेली ग्रॅनाइटची मूर्ती तिथेच आहे. अमेरिकन चित्रकार थॉमस कोलचं १८३६ चं द ऑक्सबोही तिथेच. त्या अवाढव्य निसर्गचित्रात खाली खडकांमध्ये टोपी घातलेला चित्रकार मान वळवून आपल्याकडे बघतोय. लेकीने तो शोधला आणि माझा हात ओढत मला दाखवला. कंपनीच्या फळ्यावर तो कधीच दिसला नसता.

एक तक्रार सरांबद्दलही आहे. युरोप-अमेरिकेवर त्यांचा भर जास्त. प्रागैतिहासिक वगळून युरोप आणि अमेरिकेच्या दोन विभागांतच १०५ कलाकृती आहेत, त्यामुळे कारण समजतं, पण आफ्रिका आणि पॅसिफिकच्या मिळून २५ कलाकृती शेवटच्या दोन तासांत कोंबल्या गेल्या. भारतातल्या मोजक्याच आहेत: सांची, खजुराहोचं लक्ष्मण मंदिर, चोळांचा नटराज, जहांगीर, ताजमहाल. अजिंठा-वेरूळ यादीत नाहीत याचं मला वाईट वाटतं. पण तो दोष ट्यूटरचा नाही.

जुलैत निकाल लागला, पाचपैकी ४ आले. पाचची आशा होती, पण डिसेंबरात तिचे निबंध काय होते ते मी वाचलेत, त्यामुळे मी समाधानी आहे. सरांना पाच तारे. कंपनीला दोन, आणि गेलेल्या तीनपैकी एक फळ्यामुळे गेला.

तुम्ही घेणार असाल तर पॅकेज घेऊ नका, सुटे तास मागा. माझ्या मैत्रिणीने मागितले तर तिला दिले, वेबसाइटवर लिहिलेलं नसतं. माहिती सांगायला ट्यूटर लावू नका, ती फुकट आहे. निबंध वेळ लावून लिहून घेणार का आणि गुणदानाच्या तक्त्यावर तपासून परत देणार का, हे पहिल्या फोनवरच विचारा. जानेवारीच्या आधी लावायचीही गरज नाही. धाकटा दोन वर्षांनी हाच विषय घ्यायचा म्हणतोय. सर तोवर शिकवत असतील तर त्यांच्याचकडे, वसंतातले दहा सुटे तास, आणि कार्डाचा नंबर कंपनीच्या साइटवर साठवून ठेवणार नाही.