उद्यमबागेतली धुराड्याची लोखंडी चूल: न्हाणीच्या पाण्याला आणि भाकरीला कितपत उपयोगी?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांत, म्हणजे जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, घरोघरी गॅस आला तरी चूल गेलेली नाही. रोजचा बराचसा स्वयंपाक सिलिंडरवर होतो; परंतु सकाळचे आंघोळीचे पाणी आणि नाचणी-तांदळाच्या भाकऱ्या यांसाठी बहुतेक ठिकाणी सरपणच जळते, कारण ते बांधावर मिळते आणि घरभराच्या आंघोळीचे पाणी गॅसवर तापवणे परवडत नाही. याच दोन कामांसाठी आम्ही बेळगावच्या उद्यमबाग भागातील एका लहान फॅब्रिकेशन कारखान्यातून दोन भांडी बसणारी, धुराडे असलेली लोखंडी चूल पाच हजारांच्या आत विकत घेतली. एक पावसाळा आणि एक हिवाळा तिच्यावर काढल्यावर माझे मत असे झाले आहे की चूल घेण्याजोगी आहे, मात्र ती घरी आणून लगेच पेटवण्याजोगी नाही.

तिची रचना बाजारात ‘रॉकेट चूल’ या नावाने ओळखली जाते. सरपण आडव्या तोंडातून आत जाते, जाळ काटकोनात वर वळून उभ्या नळीतून पहिल्या भांड्याच्या बुडाला लागतो आणि उरलेली ऊब दुसऱ्या भांड्याखालून धुराड्याकडे जाते. नळीची ही कल्पना १९८० च्या दशकात अमेरिकेतील लॅरी विनियार्स्की यांनी मांडली. सरपण जिच्यावर जळते ती जाळी, धुराडे आणि एकामागोमाग भांडी ही जोडणी मात्र कर्नाटकाला जुनीच आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र’ गटाने तीन भांड्यांची मातीची सुधारित चूल त्याच दशकात खेडोपाडी नेली होती.

दुकानातील पत्रकावर ‘सत्तर टक्के सरपण वाचवा’ असे छापले आहे, त्याकडे दुर्लक्ष करावे. उचलून नेता येणाऱ्या चुलींसाठीच्या आयएस १३१५२ या भारतीय मानकात पंखा नसलेल्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता (म्हणजे सरपणातल्या उष्णतेपैकी भांड्याला मिळणारा वाटा) किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के असावी, अशी अट आहे. आमच्या चुलीवर त्या मानकाची कोणतीही खूण नाही आणि चाचणीचा दाखला मागितला तेव्हा तोही मिळाला नाही. जुन्या मातीच्या चुलीपेक्षा सरपण कमी लागते हे उघड दिसते. त्यापलीकडचा आकडा मी देणार नाही.

सर्वांत मोठा दोष आतल्या भरणात आहे. आतली नळी आणि बाहेरचा पत्रा यांमधल्या पोकळीत कारखान्याने वाळू भरली होती, कारण वाळूने चूल जड होते आणि गिऱ्हाइकाला ती मजबूत वाटते. वाळू उष्णता अडवत नाही, पिऊन टाकते. त्यामुळे नळी तापायला वेळ लागतो आणि तोवर चूल धुमसत राहते. वरची चकती उघडून वाळू काढली आणि लाकडाची कोरडी, चाळलेली राख भरली, तेव्हा जाळ लवकर धरू लागला आणि बाहेरचा पत्राही पूर्वीइतका पोळेनासा झाला. लहान मुले वावरणाऱ्या घरात ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. आतली नळी साध्या लोखंडी पत्र्याची असून तिचे पापुद्रे निघू लागले आहेत, त्यामुळे ती फार वर्षे टिकेल असे दिसत नाही. हाच कारखाना जादा पैशांत स्टेनलेस स्टीलची नळी बसवून देतो. घेणाऱ्याने आरंभीच ती मागावी.

धुराड्याच्या बाबतीत दुकानाने केवळ पाइप आणि वरची टोपी देऊन हात झटकले. आमच्याकडची घरे कौलारू आणि वासे-रिपा लाकडाच्या, तेव्हा एकपदरी तापलेला पाइप लाकडाला लागून नेणे म्हणजे घराला आग लावण्याची तयारी करणे होय. असा पाइप जळाऊ वस्तूंपासून निदान दीड फूट दूर असावा, छपरातून जाताना त्याभोवती रुंद पत्र्याचे कडे असावे आणि पाइपाचे टोक जवळच्या आढ्याहून उंच निघावे, नाहीतर पावसाळी वारा धूर परत घरात लोटतो. हे काम आम्ही गावातल्या गवंड्याकडून करून घेतले आणि त्याची मजुरी चुलीच्या किमतीच्या हिशेबात धरलीच पाहिजे. धुराडे आहे म्हणून खिडकी बंद करू नये, कारण चुलीला लागणारी हवा खोलीतूनच जाते. धुराडे नसलेली कोळशाची शेगडी थंडीत बंद खोलीत रात्रभर ठेवण्याची पद्धत तर प्राणघातक आहे. कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग.

सरपणाच्या बाबतीत ही चूल मातीच्या चुलीइतकी सोशिक नाही. ओंडका सारून निवांत बसण्याची सवय येथे चालत नाही. अंगठ्याएवढ्या ते मनगटाएवढ्या जाडीच्या फोडी लागतात आणि जळतील तशा त्या पुढे सारत राहाव्या लागतात. तोंडात एक आडवी पट्टी दिलेली आहे, सरपण तिच्यावर ठेवायचे आणि खालची फट हवेसाठी मोकळी सोडायची असते. फट दिसली की तीत काटक्या कोंबण्याचा मोह घरातल्या प्रत्येकाला होतो आणि धुराच्या निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात.

ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असते आणि उन्हात नीट वाळलेल्या फोडीत ते १५ ते २० टक्क्यांवर येते. ओले लाकूड घातले की जाळाची ताकद आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते, जाळ थंड पडतो आणि न जळलेला धूर धुराड्यात डांबरासारखा चिकटतो. हाच थर पुढे पेट घेतो. म्हणून बेगमीचे सरपण मिरगाच्या कितीतरी आधी फोडून, वर छप्पर आणि बाजू मोकळ्या अशा ठिकाणी रचावे. नीलगिरी ओली असतानाच फोडावी, वाळल्यावर तिची पिळदार नस कुऱ्हाडीला दाद देत नाही. एवढे करूनही कणकुंबीकडच्या पावसात फोडी दमट होतात, तेव्हा उद्याचे सरपण आज चुलीजवळ, पण जाळापासून अंतर राखून ठेवणे भाग पडते, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी पाइप उतरवून काजळी झाडावी लागते.

आमच्या भागात काजूची टरफले स्वस्त मिळतात आणि ती झपाट्याने पेटतात, तरी ती या चुलीत घालू नयेत. त्यांतल्या तेलाने कातडी भाजते, धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांनी चूल पेटवणे आणि रॉकेल ओतणे हेही बंद करावे. दोन-चार चिपाडे आणि बारीक काटक्या या कामाला पुरतात.

पाण्याच्या हंड्यासाठी चूल उत्तम आहे, मात्र हंड्यावर झाकण हवे. भाकरीबाबत घरात मतभेद आहेत. जाळ तव्याच्या मधोमध एकवटत असल्याने भाकरी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. जाड बिडाचा तवा घेतल्यावर फरक पडला, तरी आमच्या आईंचे समाधान झालेले नाही. शिवाय भाकरी शेकायला लागतील एवढे निखारे येथे साठतच नाहीत, त्यामुळे ज्यांना फुगलेली भाकरी निखाऱ्यावरचीच हवी त्यांनी जुनी चूल मोडू नये.

ज्यांच्याकडे सरपण फोडायला माणूस आहे आणि पाइप छपराबाहेर नेण्याची सोय आहे, त्यांनी ही चूल जरूर घ्यावी. भाड्याच्या घरात किंवा स्लॅबच्या खोलीत राहणाऱ्यांनी या फंदात पडू नये. घेताना जास्तीची एक जाळी मागून घ्यावी, कारण जाळीच आधी वाकते आणि नंतर ती एकटी करून द्यायला कारखाना टाळाटाळ करतो.