ब्लूज ऐकायला जाताय? एकटा गायक की पूर्ण बँड?

अमेरिकेत ब्लूज, म्हणजे तिथल्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, प्रत्यक्ष ऐकायचं म्हटलं की दोन वाटा समोर येतात. शिकागोच्या क्लबमध्ये पूर्ण बँड ऐकावा, किंवा खाली मिसिसिपीत जाऊन एक माणूस आणि त्याची गिटार. एकाच प्रवासाची सवड असेल, तर मी मिसिसिपीच सुचवेन.

खरा फरक आहे तो ताल कुणाच्या हातात, याचा. बँडमध्ये ड्रम, बेस, हार्मोनिका सगळ्यांना एकदम वळायचं असतं, म्हणून बारा बारचं, म्हणजे बारा मात्रागटांचं, आवर्तन पाळावंच लागतं. एकट्याला कुणासाठी थांबायचं नसतं. ब्लूज गायक जॉन ली हूकर मनात येईल तितकी ओळ लांबवायचा आणि पायाने ठेका धरायचा. 1948 साली डेट्रॉइटमध्ये त्याने ‘बूगी चिलन’ ध्वनिमुद्रित केलं, ते आवाज, विजेची गिटार आणि पायाचा ठोका एवढ्यावरच. लाइटनिन हॉपकिन्सही असाच. साथीला बसणाऱ्यांची तारांबळ उडायची.

शिवाय हात बघायला मिळतात. अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका चालू ठेवतो, इतर बोटं वर चाल वाजवतात. मिसिसिपी जॉन हर्ट ऐकताना दोन गिटारी असल्याचा भास होतो. फ्रेड मॅकडॉवेल तर गाता गाता ओळ अर्धीच सोडायचा आणि उरलेली स्लाइडने तारेवर म्हणायचा. काचेची किंवा धातूची नळी तारेवरून सरकते आणि सूर घसरत जातो, तेव्हा मींड ऐकत वाढलेला आपला कान लगेच हलतो.

बँडचं सुखही मोठं आहे. मडी वॉटर्स 1943 साली मिसिसिपीहून शिकागोला गेला, तिथल्या गजबजलेल्या क्लबमध्ये साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेची घेतली. पुढे लिटल वॉल्टरच्या हार्मोनिकाशी तिची जी सवाल-जवाबाची जोडी जमली, ती एकट्याला कुठून साधणार? बरोबर मित्रांचा घोळका असेल, नाचायचं असेल, तर शिकागोच बरं. गिटारवादक बडी गाय यांचा ‘लेजेंड्स’ क्लब 1989 पासून तिथे आहे. पण बँड मुंबईतही ऐकायला मिळतो. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 साली महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला, आणि त्याच्या मुख्य मंचावर बँडचाच भर.

एकट्याच्या मैफलीत जोखीम आहे. त्याचं मन लागलं नाही, तर सावरून घ्यायला दुसरं कुणी नसतं. डेल्टातले, म्हणजे मिसिसिपीच्या वायव्य सखल भागातले, उच्चारही अवघड, तेव्हा शब्द आधी वाचून जा. मेम्फिस शहराहून डेल्टातलं क्लार्क्सडेल गाव सुमारे सव्वाशे किलोमीटर, आणि गाडी हवीच. आणखी दक्षिणेला बेंटोनियात 1948 पासूनचं ब्लू फ्रंट कॅफे आहे. जिमी ‘डक’ होम्स यांनी आईवडिलांकडून आलेली ती जागा आणि गावची गिटारशैली दोन्ही जपली. जाण्याआधी त्या संध्याकाळी कोण वाजवणार आहे, ते फोन करून विचारा. आणि बसाल ते उजव्या हाताचा अंगठा दिसेल अशा जागी.