ग्लासातला गाळ नळातून आलेला नसतो

दुपारी घरी आजी-आजोबाच असतात, तेव्हा बेल वाजते. दारात पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ मशीनचा विक्रेता असतो. "काकू, पाण्याची फुकट तपासणी आहे, फक्त दोन ग्लास द्या." एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने सोबत आणलेलं आरओचं. दोन्हींत एक लोखंडाची आणि एक अ‍ॅल्युमिनियमची कांडी सोडून तो प्लग लावतो. अर्ध्या मिनिटात नळाचं पाणी आधी हिरवट, मग तपकिरी होतं, वर फेस येतो. आरओचं तसंच नितळ राहतं. मग तो रंगाचा छापील तक्ता ग्लासाशेजारी धरतो. "हे पाहा काकू, हेच रोज पोटात जातं." तासाभरात टोकनचे पैसे यूपीआयने गेलेले असतात.

तो गाळ पाण्यात नव्हताच. तो कांडीतून आला. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमचे क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. धन टोकाला जोडलेलं लोखंड विरघळतं, ऋण टोकाशी हायड्रोजनचे बुडबुडे निघतात (फेस तो हाच), आणि लोखंडाचं हायड्रॉक्साइड तयार होतं: आधी हिरवट, हवा लागली की तपकिरी. थोडक्यात, गंज. पाव अ‍ॅम्पिअर वीज मिनिटभर गेली, तर ४ मिलिग्रॅमच्या वर लोखंड सुटतं. एका ग्लासला रंग यायला तेवढं भरपूर झालं. आरओच्या पाण्यात क्षार नावापुरते, म्हणून वीज जवळजवळ वाहतच नाही. कांड्या नीट पाहिल्या तर लोखंडाची खड्डे पडून झिजलेली दिसते.

त्याला एवढंच म्हणा: तुमच्या आरओच्या ग्लासात ज्वारीच्या दाण्याएवढा जाड्या मिठाचा खडा विरघळवून पुन्हा प्लग लावा. तेच 'शुद्ध' पाणी तपकिरी होतं. खडा मोठा नको. करंट वाढून एमसीबी पडेल. आणि प्लग लागलेला असताना ग्लासात बोट घालू नका, घरातला २३० व्होल्टचा करंट आहे तो.

पाण्यात खरोखर काय आहे ते पाहायचं तर लिटरभर पाणी स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर आटवा. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. टीडीएस (लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ३०० असेल तर चिमूटभर, पांढरट खपली उरते. ग्लासात दिसला तेवढा गाळ मूळ पाण्यात असता, तर पातेल्याच्या तळाशी तपकिरी थर बसला असता.

त्याच्या हातातल्या टीडीएस मीटरचंही तेच. तो पाणी किती वीज वाहून नेतं एवढंच मोजतो. जंतू, फ्लोराइड, कीटकनाशक त्याला दिसत नाही. भारतीय मानकात टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००. पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था नीरी १९५८पासून ज्या नागपुरात आहे, तिथेही रंगाच्या छापील तक्त्यावर मशिनी खपतात, याचं नवल वाटतं.

पेंच-कन्हान नद्यांचं नागपूरला येणारं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी एका मापाने मोजू नका. बोअर असेल तर जडपणा, फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू यांची प्रयोगशाळेत तपासणी करा. अहवाल पाहूनच आरओ हवा की अतिनील किरणांनी जंतू मारणारं साधं यूव्ही पुरेल ते ठरवा.

पैसे गेलेच असतील, तर पावती, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि त्या तक्त्याचा फोटो जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. मशीन अजून बसवलं नसेल, तर आधी लेखी नकार कळवा.