जीटी८६ आणि पायलट स्पोर्ट ४: ओल्या रस्त्यावरचा अनुभव

गेल्या आठवड्यात खड्ड्यात माझ्या टोयोटा जीटी८६ या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्स गाडीच्या पुढच्या टायरची बाजू फाटली, म्हणून दोन नवे घ्यावे लागले. टायरवाला म्हणाला, "नवी जोडी पुढेच टाकतो, स्टिअरिंग तिकडे असतं." मी ठाम नकार दिला. नवी मागे टाका आणि मागची पुढे घ्या, असं सांगितल्यावर अदलाबदलीचे वेगळे पैसे मागितले. या पैशांचा अजून राग आहे, कारण टायर कंपन्या स्वतःच नवी जोडी मागे टाकायला सांगतात.

पुढची चाकं पाण्यावर घसरली की गाडी सरळ जाऊ लागते. पाय हळूच उचलला की वेग उतरतो आणि पकड बहुतेकदा परत मिळते. मागची सुटली तर सावरायला क्षणभरच मिळतो. त्यात या गाडीत टॉर्सन डिफरन्शियल आहे, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांत जोर वाटून देणारी यंत्रणा. कोरड्यात तो वरदान आहे, पण ओल्या राउंडअबाउटवर (गोल चौकात) दुसऱ्या गिअरमध्ये पाय जरा जास्त दाबला तर दोन्ही मागची चाकं एकदमच फिरतात आणि बाजूला धरून ठेवायला काही उरत नाही.

टोयोटाने २०१२ मध्ये ही गाडी आणली तेव्हा २१५/४५ आर१७ मापाचे मिशेलिन प्रायमसी एचपी दिले होते. टोयोटाच्याच प्रियस या साध्या हायब्रिड गाडीलाही हेच टायर मिळायचे. कमी वेगातही गाडीशी खेळता यावं म्हणून पकड मुद्दाम बेताची ठेवलेली, आणि उन्हाळ्यात ते मला मनापासून आवडायचं. पावसाळी मँचेस्टरमध्ये मात्र जीव मुठीत धरावा लागायचा. टायरच वाईट, असं माझं पक्कं मत झालं होतं.

मग मिशेलिनचेच पायलट स्पोर्ट ४ टायर बसवताना जुने उतरवले आणि नक्षीची, म्हणजे टायरवरच्या खाचांची, खोली गेज लावून पाहिली. पुढे नक्षी बऱ्यापैकी होती, मागे जेमतेम ३ मिमी. ब्रिटनमध्ये कायद्याने १.६ मिमी चालते, म्हणजे कागदोपत्री अजून बरंच आयुष्य होतं! शिवाय बाजूवरचे चार आकडे, म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि साल, बघता रबर म्हातारं होऊन कडक पडलेलं. प्रायमसीला दिलेला निम्मा दोष झिजेचा होता. टायरच्या लेबलवरची ओल्या पकडीची श्रेणीही नव्या टायरची आणि सरळ रेषेतल्या ब्रेकिंगची असते. वळणावर साचलेल्या पाण्यात झिजलेला टायर काय करेल, हे ती सांगत नाही.

पायलट स्पोर्टवर काही महिने फिरल्यावर स्नेक पास या डोंगरी रस्त्याच्या ओल्या वळणांवर गाडी कुठे सुटणार हे आधी हातात जाणवतं, आणि चाकं घसरल्यावर लागणारा ट्रॅक्शनचा दिवा क्वचितच लुकलुकतो. एम६२ मोटरवेवर ट्रकच्या चाकोऱ्यांत पाणी साचलं तरी वेग उतरवला की मागचा भाग जागेवर राहतो. कोरड्यात पूर्वीची मस्ती कमी झाली, ते खटकतं. खडबडीत डांबरावर आवाजही जास्त येतो. तापमान ७ अंशांखाली गेलं की पहिले काही मैल टायर लाकडासारखे वाटतात, तेव्हा मी पेडलवर फार जपून पाय ठेवतो.

पैसे वसूल झाले का? माझ्या मते हो, पण मागच्या नक्षीवर लक्ष ठेवलं तरच. माझी मागची जोडी पुढच्यांपेक्षा स्पष्ट जास्त झिजते. म्हणून ३ मिमीला ती बदलायची, १.६ ची वाट बघायची नाही, हे मी ठरवलं आहे. त्यात वाया जाणारं रबर मला डोळ्यांत खुपतं, तरीही. हवेचा दाब दर पंधरवड्याला थंड टायरवर तपासा, कारण कमी दाबाचा टायर पाण्यावर लवकर तरंगतो. आणि दुकानात नवी जोडी कुठे बसवतायत हे गाडी जॅकवर असतानाच बघा. बिल झाल्यावर सांगितलं तर पुन्हा मजुरी मागतात.